टिटवी, सासू आणि धरणाचं दार

धरणावर मला जी नोकरी लागली ती खोटं न बोलण्याची होती. सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतल्या तापमापकांत डोकावायचं, कोरडा पारा किती, ओला पारा किती, भिंतीवर रंगवलेल्या पट्टीला पाणी कुठवर चढलं, ते वहीत उतरवायचं आणि खाली सही ठोकायची. वाढवायचं नाही, घटवायचं नाही. ही नोकरी मला देणाऱ्या ओव्हरसियर साहेबानं माझ्या गावात एकदाही चौकशी केली नव्हती, हे उघड आहे. केली असती तर गावानं त्याला खाटेवर बसवून, गूळपाणी देऊन, डोळ्यांत पाणी आणून परत पाठवलं असतं.

माझा गुन्हा फार मोठा नव्हता. घडलेली गोष्ट घडली तशी सांगायला गेलो की ती मला रोड वाटायची, म्हणून तिला दोन घास जास्त घालायचो. कोल्ह्याचा बिबट्या करायचो, बिबट्याचा वाघ. वाघ मात्र वाघच ठेवायचो. आमच्या जंगलातला वाघ आहे तेवढाच पुरतो.

चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता, म्हणजे इतका लांब की वरोऱ्याहून निघालेली ताजी बातमी सिरोंचाला पोचेपर्यंत तिला दाढी यायची. राज्यही त्याच सुमारास बदललं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमची राजधानी नागपूर होती, पुढं ती मुंबई झाली. मी सासूला जाऊन सांगितलं, "मामी, आपण आता मुंबईत आलो."

ती रेतीत खड्डा करत होती. मान वर न करता म्हणाली, "आलो तं आलो. नदी सोबत आली का तिथीच राह्यली?"

आम्ही ढिवर. पावसाळ्यात मासोळी आणि उन्हाळ्यात डांगरवाडी. डांगरवाडी म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रातला मळा. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की रेती उघडी पडते. त्या रेतीत हात घालून खड्डे करायचे, पुरानं आणलेला गाळ बोटांना लागेपर्यंत उकरायचं, मग त्यात शेणखत आणि टरबुजाचं, डांगराचं, काकडीचं बी. भोवती काट्यांचं कुंपण, कारण आमच्याकडचा कोल्हा टरबूज पिकलं की नाही हे टिचकी मारून पाहतो. मधोमध एक गवती झोपडी. वेलांना पाणी घालायला रेतीतच झिरा खणायचा. चैत्र-वैशाखात फळ हाती येतं आणि मृगाच्या आत झोपडी उचलून काठावर न्यायची, कारण मग नदी आपली जागा परत मागते. ना पट्टा, ना बांध. जमीन दरवर्षी नवी. नदीच आणून टाकायची, नदीच घेऊन जायची.

माझ्या सासूची वाडी वस्तीत सगळ्यांत मोठी होती. सासरे लवकर गेले. त्या रेतीवर तिनं दोन मुली वाढवल्या, त्यांतली एक माझ्या पदरात टाकली आणि त्याबद्दल अजून स्वतःला क्षमा केली नव्हती. गाळात हात कोपरापर्यंत गेला की डोळे मिटून ती सांगायची, यंदाचा गाळ कुठल्या रानातून आला. "हा सागाच्या पानाचा." "हा बांबूच्या रांजीतला." मी एकदा तिला फसवायला घरामागची ओंजळभर माती नेऊन दिली. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "जवाईबुवा, इथी कोनीतरी आंघोळ करते." आंघोळ मीच करायचो.

धरण झालं ते वस्तीच्या चार कोस वर. आजच्या मानानं ते धरण म्हणजे नदीच्या तोंडावर ठेवलेला तळहात. मातीची भिंत, मध्ये दगडी बांधकाम, त्यात दोन लोखंडी दारं. पण मी वस्तीत त्याचं वर्णन केलं ते असं की ऐकून दोन म्हाताऱ्यांनी गोधड्या शिवायला घेतल्या. "एवढं पाणी साठलं की हवा पालटते," मी म्हणालो. "भर वैशाखात इथं थंडी पडेल. साहेब लोक चिखलदरा सोडून आपल्या वस्तीत मुक्कामाला येतील."

"न टरबूज कोन खाईन मंग?" सासूनं विचारलं. "थंडीत टरबूज खाते का कोनी?"

यावर मी विचार केला नव्हता.

पहिल्याच पावसाळ्यात धरणानं काम सुरू केलं. चढणीचे मासे नदीतून वर निघाले, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते भिंतीपाशी आले आणि थांबले. मरळ, वाम, शिंगाडे, बोध, अशी दाटी झाली की ओव्हरसियर त्यांच्या पाठीवरून चालत या काठावरून त्या काठावर गेला असता. बूट नवे होते म्हणून गेला नाही. मिशाळ बोधाचं एक म्हातारं धूड तीनदा भिंतीवर येऊन आदळलं, चौथ्यांदा त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मला, बिनकामाच्या माणसाला, उगाच खाली बघावं लागलं. बगळे इतके खाऊन फुगले की उडता येईना, पायी घरी गेले. वस्तीतल्या लोकांनी पंधरा दिवस तिथं टोपल्या भरल्या आणि माझी पाठ थोपटली. भिंतीच्या वर चार-पाच पाड्यांत मात्र त्या साली कुणाच्या चुलीवर मासा चढला नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली नाही.

मग हिवाळा. तळ्यावरून असं धुकं उठायचं की ओव्हरसियरनं एका सकाळी धुक्याच्या खुंटीवर टोपी टांगली आणि ती दुपारी साडेअकराला खाली पडली. परदेशी बदकं आली. अर्धे बुडालेले साग पाण्यात उभेच वाळले, आणि त्यांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले, जसे कचेरीबाहेर अर्जदार. पुढं फाल्गुनात काठच्या मोहाखाली फूल पडलं की दवानं भिजून जायचं, वाळायचं नाव घेईना. डास तर विचारू नका. मी एका डासाला दोरी बांधून ठेवली होती, चौकीदार साक्षीला आहे.

पारा मात्र मी खरा लिहीत होतो. आणि खरा पारा सांगत होता की तळ्याच्या काठी दुपार थोडी मऊ झाली आहे. मी छाती फुगवून खाली वस्तीकडं निघालो. पण माघ लागला नाही तोच नदी आटली होती. एरवी वैशाखापर्यंत मधल्या धारेत गुडघाभर पाणी, डोहात पुरुषभर. पहाटे पात्रातून गार वारा वर यायचा. आता सगळं पात्र पालथ्या तव्यासारखं तापत होतं आणि वाऱ्याला फुफाट्याचा वास होता. मी एका रविवारी धरणावरची पाऱ्याची जादा नळी फडक्यात गुंडाळून सासूच्या झोपडीत आणली आणि टांगली. धरणापेक्षा पारा बराच वर चढला.

सासू म्हणाली, "हा पारा कोन्या गावचा?"

"सरकारी आहे, मामी."

"मंग बरोबर हाये. तुमच्यासोबत राहून राह्यला न तो."

तो आकडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला. ओव्हरसियरनं त्यावर काट मारली. "मोजणीचं ठाणं इथं आहे," तो म्हणाला. तो पुण्याकडचा, बारीक आवाजाचा, वाईट नव्हता. "सासुरवाडीचं तापमान शासनाला नको आहे."

आता खरी गंमत. नदी लवकर आटली याचं वस्तीला दुःख व्हायला पाहिजे होतं, झाला आनंद. पौषातच मधली धार उघडी पडली होती. जिथं आजवर कुणी पाय ठेवला नव्हता ती डोहाची रेती कोरडी आणि खाली जुना गाळ हात-हातभर. सगळ्यांनी काठाकडच्या वाड्या सोडल्या आणि चिठ्ठ्या टाकून मधली रेती वाटून घेतली. सासूला नेमकी डोहाची जागा आली. फाल्गुनात तिचे वेल असे पसरले की कोल्हा आत शिरला तर त्याला बाहेर यायला वाट विचारावी लागे.

आणि वर टिटवीनं शिक्का मारला. आमच्याकडं टिटवीची अंडी पाहून पाण्याचा अंदाज बांधतात. तिनं दरडीवर उंच घातली तर पाणी मोठं; खाली पात्रात घातली तर पावसाळ्यापर्यंत थेंब येणार नाही, निर्धास्त राहा. त्या वर्षी टिटवीनं चार अंडी घातली ती सासूच्या कुंपणापासून वीस पावलांवर, पात्राच्या ऐन मध्यात. सासू रोज जाऊन लांबून पाहून यायची आणि टिटवी तिच्यावर रोज ओरडायची. दोघींचं पटत होतं.

इकडं धरणावर चिठ्ठी आली. बुधवारी मोठे साहेब पाहणीला येणार. ओव्हरसियरनं ठरवलं की साहेबांना दोन्ही दारं उघडून दाखवायची. नवं धरण, नवी दारं, आणि तीन-चार तास पाणी कोसळताना पाहिलं की कुठल्याही साहेबाचं मन प्रसन्न होतं.

मी म्हणालो, "साहेब, खाली नदीत माणसं आहेत."

"नदीत कशी माणसं असतील?" त्यानं नकाशा उघडला. काठावर गावं होती, गावांना नावं होती. नदीत नुसते बारीक ठिपके होते. "हे पाहा. ही रेती."

"त्या ठिपक्यात माझी सासू आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आठ महिन्यांत त्यालाही माझी थोडी ओळख पटली होती. तो म्हणाला, "तुम्ही फार छान बोलता," आणि नकाशा मिटला.

फळ अजून तीन आठवडे पिकणार नव्हतं, हाती चारच दिवस होते. सासू अत्यवस्थ आहे असं सांगून मी रजा घेतली, आठवड्याभराचा पारा अंदाजानं आधीच लिहून ठेवला (पुढं चौकीदारानं ताडून पाहिला, अंश अन् अंश जुळला), आणि शनिवारी वस्तीत पोचलो. रेतीत उभा राहून ओरडलो, "बुधवारी धरणाचं पाणी येतंय! वाड्या उचला!"

बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "जवाईभाऊ, वैशाखातली थंडी आली का? आमी गोधडी धुवून ठेवली." दुसरी म्हणाली, "पान्यासोबत तो दोरी बांधलेला डास येते का?"

"मामी, खरं सांगतो. शपथ घेतो."

सासूनं वेल बाजूला सारला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जवाईबुवा, टिटवीनं अंडे कुठी घातले?"

"मध्यात."

"टिटवी आजपर्यंत कितींदा खोटी बोलली?"

"एकदाही नाही."

"तुमी?"

मी हिशेब करायला लागलो, तेवढ्यात ती पुन्हा वेलात वाकली होती.

रात्रभर मी कुशीवर कूस बदलली. बायको म्हणाली, "अवो, तुमी खरंच बोलून राह्यले का?" मी म्हणालो, हो. ती उठून बसली. तिनं माझा चेहरा असा निरखला जसा बाजारात मासा निरखतात, डोळे आणि गालफडं पाहून. "खरं बोलतानी तुमचा चेहरा लय खोटा दिसते," ती म्हणाली. "मायले मी सांगून पाहते." पण मायनं तिलाही परतवलं. नवऱ्याच्या नादानं बिघडली, एवढंच तिच्या पदरात पडलं.

रविवारी मला सुचलं. मी सासूकडं गेलो, खाली मान घालून बसलो आणि म्हणालो, "मामी, माझी चूक झाली. साहेबाचं बोलणं मी उलटं ऐकलं. पाणी काही येत नाही. तुम्ही अगदी बिनघोर राहा. टरबुजं पिकू द्या सावकाश."

तिचा हात थांबला.

"काय म्हनले?"

"पाणी येणार नाही. मी जबाबदारी घेतो."

"तुमी जबाबदारी घेता?"

"माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

ती ताडकन उठली. कुंपणापाशी जाऊन तिनं अशी हाक मारली की पलीकडच्या काठावरची माकडं उठून बसली. "अवो बायांनो! उठा! पानी येते! हा म्हनून राह्यला येत नाई!"

सोमवार आणि मंगळवार सगळी वस्ती रेतीत होती. हिरवी टरबुजं, पोरवयातली डांगरं, बोटाएवढ्या काकड्या, सगळं खुडलं, टोपल्या भरभरून काठावर नेलं. झोपड्या उचलल्या. चिंचेखाली कच्च्या टरबुजांचा ढीग लागला तो एवढा की चिंच लाजून बाजूला सरकली.

बुधवार उजाडला. आम्ही सगळे काठावर ओळीनं बसलो. दुपार झाली. नदी कोरडी. संध्याकाळ झाली. नदी कोरडी. साहेबाची जीप वाटेत एका नाल्याच्या रेतीत रुतून बसली होती आणि ती काढायला बैल शोधत होते, हे आम्हाला काय ठाऊक?

त्या संध्याकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरात कच्च्या टरबुजाची भाजी होती आणि प्रत्येक घासाला माझं नाव होतं. सासू एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा माणसानं देशांतर करावं.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा पात्रात उतरली. मधल्या तिच्या वाडीत काही वेल अजून जिवंत होते, मागाहून आलेली मुठीएवढी फळं त्यांना लटकलेली होती. ती झिऱ्यातून मडकं भरून एकेका वेलाला पाणी घालू लागली. मी काठावरून हाका मारल्या. तिनं टिटवीकडं हात केला, म्हणजे, हिला विचार.

दुपारी टिटवी ओरडायला लागली. रोजचं ओरडणं नव्हतं ते. मी पाहिलं तर वरच्या वळणाकडून रेती हलत होती. आधी मुंग्या आल्या. मग बेडकुळ्या, सरडे, विंचू, ज्याला जितके पाय तितक्यांनी पळत. त्यांच्यामागून पाणी. गर्जत नाही, फेसाळत नाही. चादर ओढावी तसं, गुळगुळीत.

आता इथं मी कित्येक वर्षं असं सांगत आलो की मी उडी घेतली आणि सासूला खांद्यावर टाकून काठावर आणलं. लिहायलाच बसलो आहे तर सांगून टाकतो. उडी मी घेतली, हे खरं आहे. पाणी मांडीला लागलं आणि मी किंचाळलो, कारण ते बर्फासारखं थंड होतं. तळ्याच्या बुडाचं, उन्हाचं तोंड न पाहिलेलं, कुजक्या पानांच्या वासाचं. पायाखालून रेती निसटली आणि मी आडवा झालो. सासू कमरेएवढ्या पाण्यातून शांतपणे येत होती. डोक्यावर टोपली, टोपलीत ओंजळभर रेती, रेतीत टिटवीची चार अंडी. तिनं मोकळ्या हातानं माझी कॉलर धरली आणि मला काठापर्यंत तसाच फरफटत आणला, जसं जाळं ओढतात.

काठावर बसून आम्ही पाहत राहिलो. पुराचं पाणी पोट भरून आलेलं असतं, मातीनं गढूळ, जड. त्यातलं काही इथं ठेवतं, काही तिथं. हे पाणी आपली सगळी माती वर तळ्यात ठेवून आलं होतं. काचेसारखं स्वच्छ आणि भुकेलं. तीन-चार तासांत त्यानं मधली रेती चाटून नेली. वेल, कुंपण, झिरा, आणि त्यांच्याखालचा तो हातभर जुना गाळ. संध्याकाळी पाणी ओसरलं तेव्हा सासूच्या वाडीच्या जागी काळा खडक दिसत होता. तिनं तो जन्मात पहिल्यांदा पाहिला.

अंडी तिनं दरडीवर खळगा करून ठेवली. टिटवी वरून घिरट्या घालत राहिली, अंड्यांपाशी उतरली नाही. खडकाच्या जागीच बसत राहिली दोन दिवस.

शुक्रवारी सकाळी सासू निघाली. मागं वीस बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर कच्ची टरबुजं. चार कोस चालत धरणावर, सगळ्यांच्या मागं मी. मोठे साहेब पहाटेच परत गेले होते. ओव्हरसियर खुर्चीत बसून समाधानानं चहा पीत होता. वीस बाया पाहून तो उभा राहिला.

सासूनं त्याच्या टेबलावर टरबूज ठेवलं, विळ्यानं दोन भाग केले. आत पांढरंफेक.

"खा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं एक फोड तोंडात घातली.

"हे पिकलेलं नाही, बाई."

"तीन आठवडे थांबलं असतं तं पिकलं असतं. याले कोन सांगाचं होतं?"

"काय सांगायचं होतं?"

"का पानी येते म्हनून." तिचा आवाज चढला नव्हता. "साहेब, पानी सोडू नका, असं मी म्हनत नाई. तुमचं धरण, तुमचं दार. पन नदी आधी सांगून येत होती. रंग बदले, वास ये, पालापाचोळा ये, अंडे वर जात. आमी समजून जावो. आता तुमी येऊन राह्यले तिच्या जागी. मंग तिचं सांगाचं काम कोनाचं?"

ओव्हरसियरनं फोड पुन्हा चावून पाहिली, जणू उत्तर तिच्यात असावं. मग नकाशा उघडला, पेन्सिल घेतली आणि म्हणाला, "तुमची वाडी यात दाखवा."

तिला नकाशा कळत नव्हता, पण नदीचं वळण तिनं पाहताक्षणी ओळखलं. बोट ठेवलं. त्यानं ठिपक्यांत एक लहानसा चौकोन काढला. मग दुसरीची वाडी, तिसरीची. एकवीस चौकोन झाले. आणि मग त्यानं ठरवलं की दार उघडायच्या दोन दिवस आधी नदीकाठानं दवंडी जाईल. माणूस कुठून आणायचा? त्यानं माझ्याकडं बोट केलं.

वीस बाया एकदम हसल्या. सासू नाही हसली. "याचं कोन ऐकते?" ती म्हणाली. "मी जाईन सोबत."

तसे आम्ही पुढचे काही उन्हाळे गेलो. पुढं मी, गळ्यात ढोलकं, "पाणी सुटतंय हो!" मागं सासू. प्रत्येक वस्तीत लोक माझ्यावरून नजर काढून तिच्याकडं पाहायचे. ती मान हलवायची. मग ते झोपड्या उचलायचे. ओव्हरसियरनं हळूहळू दार हंगामात न उघडायचंही शिकून घेतलं, तेवढा तो चांगला निघाला.

पण माती तो सोडू शकत नव्हता. दर पावसाळ्यात गाळ वर तळ्यात बसायचा आणि खाली येणारं पाणी भुकेलंच यायचं. मासे चढणीला येणं कमी झालं. तो म्हातारा बोध मी पुन्हा पाहिला नाही. वाड्या दरसाल आखूड होत गेल्या. चौथ्या पौषात सासूनं रेतीत हात घातला, मनगट बुडालं आणि बोटं खडकाला लागली. तिनं हात काढला, झटकला, आणि जागा बदलली. तिथंही तेच. दिवसभर ती हात घालत फिरली. संध्याकाळी तिला सात खड्डे सापडले, शंभराच्या जागी.

त्या आठवड्यात मी एकाची बैलगाडी मागून आणली. तळ्याचं पाणी उतरून काठाला गाळ उघडा पडला होता, भेगाळलेला, काळाभोर. नदीचाच तो. मी भरला आणि चार कोस खाली आणला. नऊ खेपा केल्या. शेवटच्या खेपेला बैलांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

सासूनं मूठभर उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले.

"कुठल्या रानातला, मामी?"

"नाई समजत," ती म्हणाली. "बसून होता हा. चालला नाई." पण तिनं तो सातही खड्ड्यांत भरला, हातानं थापला, आणि बी घातलं.

वैशाखात एकाच वेलावर एक टरबूज पिकलं. तिनं काढलं, झोपडीत आणलं. मी, बायको आणि ती, तिघं बसलो. नारळाएवढं होतं. तिनं चिरलं, लाल निघालं, गोडही होतं, आणि दोन-दोन घासांत संपलं. बिया तिनं पदरात बांधल्या.

"कोनी इचारलं का यंदा वाडीत काय झालं," ती म्हणाली, "तं काय सांगाल?"

"एक टरबूज झालं. नारळाएवढं. आहे तेवढंच सांगेन, मामी."

ती माझ्याकडं रोखून पाहत राहिली. "काऊन? दुनियाभरचं मोठं करून सांगता, न माह्याच टरबुजापाशी जीभ लहान झाली तुमची?"

म्हणून लिहून ठेवतो. त्या वर्षी आमच्या वाडीत जे टरबूज झालं, ते काठावर आणायला चार माणसं लागली, आणि पाचवा पुढं चालून वाटेतले दगड बाजूला करत होता.